नील यंगचा सगळ्यात वाईट अल्बम 'ट्रान्स'? अजिबात नाही

नौपाडेकर: काल ठाण्याच्या ग्रुपवर घोडबंदरवाल्याने कॅनडियन रॉक गायक नील यंगच्या अल्बमची यादी टाकली. पहिला 'हार्वेस्ट', तळाला 'ट्रान्स', आणि वर शेरा: 'म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं.' 'हार्वेस्ट' पहिला टाकायला कान लागत नाहीत, १९७२ साली अमेरिकेत सगळ्यात जास्त खपलेला अल्बम तो. पण शेरा वाचून डोकंच उठलं. १९८२च्या शेवटी 'ट्रान्स' आला तेव्हा हा माणूस ३७ वर्षांचा होता. म्हातारा कुठला? मुलाला, बेनला, सेरेब्रल पाल्सी. त्याला बोलता येत नाही. घरात तासन्‌तास थेरपी चालायची, आणि त्यातून तो व्होकोडरचा, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणाचा, आवाज आला. शब्द कळत नाहीत म्हणून सगळे ओरडतात. अरे, पोराला काय म्हणायचंय ते बापाला कळत नव्हतं, तेच तर ऐकवलंय! त्यातलं 'ट्रान्सफॉर्मर मॅन' पुन्हा ऐक आणि मग यादी लिही.

घोडबंदरवाला: कारण काळीज हलवणारं आहे म्हणून अल्बम चांगला होत नाही. नऊपैकी तीन गाण्यांत व्होकोडरच नाही. रेकॉर्ड कंपनीने नाकारलेल्या आधीच्या अल्बममधली उरलेली गाणी ती. सुरुवातीला साधं प्रेमगीत, लगेच यंत्रमानव. मेळ कुठे आहे? आणि १९९३च्या 'अनप्लग्ड' या लाइव्ह अल्बममध्ये तेच 'ट्रान्सफॉर्मर मॅन' त्याने साध्या आवाजात गायलं, तेव्हा चाल किती सुंदर आहे ते समजलं. म्हणजे घात व्होकोडरनेच केला ना?

वागळे इस्टेट: दोघंही चुकताय. सर्वोत्तम 'टुनाईट्स द नाईट', विषय संपला. नीलचा गिटारवाला साथीदार डॅनी व्हिटन गेला, त्याचा रोडी (कार्यक्रमांत वाद्यं सांभाळणारा) ब्रूस बेरी गेला, दोघंही ड्रग्जपायी. त्यानंतर १९७३ला रेकॉर्ड केलेला अल्बम १९७५पर्यंत निघालाच नाही. 'मेलो माय माइंड'मध्ये आवाज फाटतो, तो तसाच ठेवलाय. 'हार्वेस्ट'मध्ये मात्र 'अ मॅन नीड्स अ मेड'वर अख्खा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणून बसवला. एकट्या माणसाच्या गाण्यावर एवढा डोलारा कशाला?

पण मुळात तुम्ही हे ऐकता कशावर? लोकलमध्ये, फोनवर, गाणी उलटीसुलटी लावून! त्याच्या 'ऑन द बीच'च्या रेकॉर्डची दुसरी बाजू म्हणजे तीनच संथ गाणी, एकापाठोपाठ एक. ती मोडलीत की उरलं काय?

ऐरोली सेक्टर: काका, आमच्या वन बीएचकेमध्ये टर्नटेबल कुठे ठेवू, गॅसच्या ओट्यावर? 'ऑन द बीच' २००३पर्यंत सीडीवरसुद्धा नव्हता. ज्यांच्याकडे रेकॉर्ड नाही त्यांनी तोवर काय करायचं होतं? फोन आला म्हणून माझ्यासारख्याला ही गाणी मिळाली. मी ठाणे-ऐरोली गर्दीत उभं राहून त्यातलं 'अँब्युलन्स ब्लूज' पूर्ण ऐकतो. जवळजवळ नऊ मिनिटं, एकदाही पुढे न ढकलता.

वागळे इस्टेट: नील स्वतः आयुष्यभर आवाजाच्या दर्जासाठी भांडला. त्यासाठी 'पोनो' नावाचं उंची आवाजाचं प्लेअर आणि गाण्यांचं दुकान काढलं.

ऐरोली सेक्टर: आणि ते २०१७ला गुंडाळलं. २०२२ला स्पॉटिफायवरून गाणी काढली, २०२४ला परत आणली. त्यालाही शेवटी आम्ही आहोत तिथेच यावं लागलं.

वागळे इस्टेट: गाणी काढली ती कोविडच्या खोट्या माहितीविरुद्ध! आवाजाचा आणि त्याचा काय संबंध? अर्धवट वाचून मोठ्यांना शिकवू नकोस.

ऐरोली सेक्टर: वय मध्ये आणू नका. रेकॉर्ड विकत घेणाराच खरा रसिक, हे तुमचं कायमचं आहे. मागच्या वेळी बॉब डिलनवरून हेच झालं होतं.

कळव्याची ताई: भांडण जरा थांबवा, मूळ विषयावर बोलायचंय. माझा भाचा बोलत नाही. वर बघितलं की 'हो', डोळे मिटले की 'नाही'. पंख्याला आम्ही एक मोठं बटण जोडून घेतलंय. हात उचलून त्यावर टेकवायला त्याला इतका वेळ लागतो की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो. वहिनी कुणाला मदत करू देत नाही. पंखा फिरला की तो जो ओरडतो, तो आवाज मला 'ट्रान्सफॉर्मर मॅन'मध्ये ऐकू येतो. नीलनेही बेनसाठी खेळण्यातली रेल्वे बटणावर चालेल अशी करून घेतली होती. तेव्हाची बायको पेगीबरोबर १९८६ला अशा मुलांसाठी ब्रिज स्कूल काढली. 'अनप्लग्ड'मधलं गाणं गोडच आहे, पण त्यात मला फक्त बाप ऐकू येतो. व्होकोडरमध्ये मुलगा आहे.

घोडबंदरवाला: ताई, तुमच्यासमोर 'डोकं फिरलं' हा शेरा टिकत नाही, काढतो. तळाला त्याचा पुढचा अल्बम 'एव्हरीबडीज रॉकिन' टाकतो, तो पुरता २५ मिनिटांचाही नाही. पण 'ट्रान्स' फार तर दोन पायऱ्या वर. ती तीन गाणी मला अजूनही खटकतात.

नौपाडेकर: दोनच? त्या दोन अल्बमनंतर त्याच्याच कंपनीने त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला, का तर संगीत 'नील यंगसारखं' वाटत नाही. तुझी यादी अजून त्या कंपनीचीच बाजू घेतेय.

घोडबंदरवाला: कंपनीने कोर्टात जायला नको होतं, एवढं मान्य. 'हार्वेस्ट' मात्र पहिलाच राहणार.

वागळे इस्टेट: मग सिम्फनीचं उत्तर दे आधी.