ब्रह्म म्हणजे क्वांटम क्षेत्र? एका लेखाला उत्तर

निवृत्त शिक्षक, राजारामपुरी :
वेदान्तातले ब्रह्म म्हणजेच क्वांटम क्षेत्र (ज्याच्या स्पंदनांतून कण उमटतात असे आजचे पदार्थविज्ञान मानते ते), जिनिव्हातल्या प्रयोगशाळेत सापडलेला ‘देवकण’ म्हणजे हिग्ज कण हा त्याचा पुरावा आणि कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण थेट मूर्तीवर पडण्याचा सोहळा, हा पूर्वजांच्या त्याच ज्ञानाचा दाखला, असे सांगणारा लेख परवा इथे आला. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले आणि रोज हरिपाठही म्हणतो, त्यामुळे तो मला दोन्ही बाजूंनी बोचला. २०१२ साली घोषित झालेल्या हिग्ज कणाला ‘देवकण’ हे नाव एका पुस्तकाच्या शीर्षकावरून चिकटले. देवाशी त्याचा संबंध तेवढाच. क्षेत्राला समीकरण असते, ऊर्जा असते. निर्गुण ब्रह्माविषयी उपनिषद ‘नेति नेति’, म्हणजे ‘हे नव्हे, हे नव्हे’, म्हणते. ज्याला एकही विशेषण लागत नाही त्याला समीकरणात बसवून आपण शंकराचार्यांना मोठे करतो की लहान? विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडणारे लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. तरीही १९५१ साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटात सृष्टिनिर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. उद्या सिद्धान्त बदलला, तर देवही बदलायचा का?

मूळ लेखक, मंगळवार पेठ :
सर, आपला आदर ठेवूनच लिहितो. माउलींनी सोने आणि अलंकार, पाणी आणि तरंग असे दृष्टान्त दिले, तेव्हा त्यांना कोणी सोन्याचा भाव विचारला नाही. आजच्या मुलांना क्षेत्राचा दृष्टान्त दिला तर एवढे काय बिघडले? खुद्द आइनस्टाइन यांनी १९२९ साली, आपला विश्वास सृष्टीच्या सुसंवादात प्रकट होणाऱ्या, तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या देवावर आहे, असे तारेने कळवले होते. तो देव आपल्या ब्रह्मापासून किती लांब आहे?

वाचक, शुक्रवार पेठ :
तो देव नवसाला पावत नाही, एवढा तरी लांब आहे. शिवाय लेखात ‘पौर्वात्य धर्म’ असे एकच गाठोडे आपण कसे बांधता? आम्हा जैनांच्या मते विश्व अनादी आहे, त्याला कर्ता नाही. तरी आमच्या घरी रोज पूजा होते. सांख्य दर्शनाची सूत्रे ईश्वर असिद्ध मानतात, आणि सृष्टीच्या उगमाविषयीचे ऋग्वेदातले नासदीय सूक्त तर परम व्योमातला अध्यक्षही हे जाणतो की नाही, असा संशय घेऊन थांबते. आपल्या लेखात यांतल्या कोणालाच जागा नाही.

वाचक, महाद्वार रोड :
ब्रह्माचे तुम्ही बघा, मला किरणोत्सवाबद्दल बोलायचे आहे. शेवटच्या आजारपणात आईला मी रिक्षातून देवळात नेले होते. किरण देवीच्या कमरेपर्यंत चढले आणि विरले. मुखापर्यंत पोहोचलेला प्रकाश तिला पुन्हा दिसला नाही. किरणांच्या वाटेत इमारती उभ्या करायच्या आणि इथे ऋषींचे गोडवे गायचे, याला काय म्हणावे?

मूळ लेखक :
मी एकही मजला चढवलेला नाही, महाशय! राग माझ्यावर कशाला काढता?

निवृत्त शिक्षक :
आपल्या आईबद्दल वाचून वाईट वाटले. जानेवारीअखेर आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात किरण येतात, कारण त्या तारखा २१-२२ डिसेंबरच्या, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो त्या दिवसाच्या, अलीकडे-पलीकडे साधारण ४२ दिवसांवर आहेत आणि दोन्ही वेळा मावळतीचा सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी असतो. यात क्वांटम कुठेही नाही. पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली मूर्ती, महाद्वार आणि कोणाची तरी बारकाईची नजर, एवढे पुरते.

मूळ लेखक :
म्हणजे पूर्वजांना मोजमाप येत होते, हे आपणच कबूल केलेत.

निवृत्त शिक्षक :
खगोलाचे कबूल, आनंदाने कबूल. हिग्ज कणाचे नाही.

मूळ लेखक :
ठीक आहे, ‘पुरावा’ हा शब्द मी मागे घेतो, दृष्टान्त मात्र ठेवतो. शुक्रवार पेठेतल्या ताईंना माझ्या पुढच्या लेखात जागा मिळेल, फक्त त्यांनी तो आधी वाचून छाटू नये.

वाचक, शुक्रवार पेठ :
आधी वाचायला पाठवा, मग छाटायचे की नाही ते ठरवू.

वाचक, महाद्वार रोड :
आणि त्या इमारतींचे काय?