मदत हवी आहे: डिग्री नाही, लाकडी घाणा टाकायचाय, सबसिडीचं कर्ज होईल का?

माणदेशी३१
शिक्षण नववी. गावात लाकडी तेलघाणा टाकायचाय, खर्च ६ लाखांच्या आसपास. बँकेत गेलो तर पहिला प्रश्न शिक्षणाचा, मग म्हणाले पदवीधरांच्या फाइली आधी घेतोय, नंतर या. डिग्रीशिवाय कुठली योजना मिळते? लवकर सांगा, मशीनवाला थांबायला तयार नाही.

पेंड_तेल
जिल्हा कोणता, प्रवर्ग कोणता, शेड कोणाच्या नावावर, थ्री फेज आहे का? आणि मशीनवाला थांबत नाही म्हणजे काय? पैसे दिलेत का? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

फाइलवाली
तुमच्या कामाच्या योजनांत पदवीची अट नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर असेल तरच आठवी पास लागते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १० लाखांच्या वर सातवी आणि २५ लाखांच्या वर दहावी. ६ लाखांना दोन्हीकडे शिक्षणाची अटच नाही. अर्ज ऑनलाइन भरा आणि जिल्हा उद्योग केंद्रामार्फत फाइल शाखेत जाऊ द्या. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका, कारण लेखी मागा. एवढ्या कर्जाला तारणही मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

शिकत_राहा
१७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करून टाक भाऊ, मग बारावी, मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. सहा-एक वर्षांत पदवी हातात.

माणदेशी३१
शिकत_राहा, मी ते विचारलेलं नाही हो.
सातारा जिल्हा, ग्रामपंचायत हद्द. वय ३१, ओबीसी. घराला लागून पत्र्याची शेड आहे, जागा वडिलांच्या नावावर. लाइट सिंगल फेज. मशीनला १ लाख अ‍ॅडव्हान्स दिलाय, पुढच्या आठवड्यात येतंय.

फाइलवाली
थांबवा! मशीन शेडमध्ये उतरवू नका. या दोन्ही योजना फक्त नव्या उद्योगाला आहेत. घाणा आधीच बसलेला दिसला की प्रस्ताव तिथेच संपतो. कर्ज मंजूर झालं की बँक कोटेशनप्रमाणे पैसे थेट मशीनवाल्याच्या खात्यात टाकते. त्याच्याकडून जीएसटी नंबर असलेलं कोटेशन घ्या आणि अ‍ॅडव्हान्स परत मागा. देत नसेल तर शाखेत ते लपवू नका, पावती दाखवून विचारा.

तुमचा हिशोब: ग्रामीण आणि ओबीसी म्हणजे स्वतःचे ५ टक्के, ३० हजार. सबसिडी ३५ टक्के, २ लाख १० हजार. पण ती हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत तुमच्या नावाने ठेव म्हणून पडून राहते आणि मग कर्जात वळती होते. तोवर घाणा चालू दिसला पाहिजे. खूप जण इथेच चुकतात, सबसिडी आली समजून हप्ते सोडतात.

एक्सपेलर
लाकडी घाण्याचं खूळ सोडा. लोखंडी एक्सपेलर घ्या, तेल जास्त निघतं, माणूस कमी लागतो.

पेंड_तेल
तेल जास्त निघतं हे खरं, पण तापतंही जास्त. गिऱ्हाईक लाकडी घाण्याचा भाव देतंय ते त्यासाठीच. माणदेशी३१, प्रकल्प अहवालात शेंगदाण्याला ५० टक्के उतारा लिहू नकोस. दाण्यात तेल तेवढं असतं, पण घाण्यात ३८ ते ४२ टक्केच सुटतं. १०० किलो दाणे, ४० किलो तेल, म्हणजे ४४ लिटर, कारण लिटरचं वजन ९१० ग्रॅम भरतं. पेंड साधारण ५५ किलो. दाणे ११० रुपये आणि पेंड ३५ रुपये किलो धरली तर ११,००० मधून १,९२५ वजा, म्हणजे लिटरमागे कच्चा माल २०६ रुपये. वीज, मजुरी, बाटली, गाळ त्यावर.

नवं लाकूड पहिल्या काही घाण्यांत तेल पितं, तो उतारा धरू नकोस. दाणा हातात चुरडून बघ. साल सुटून कडक तुटला तर ठीक, दबला तर ओल आहे, उन्हात टाक. ओल्या दाण्याचं तेल गढूळ राहतं आणि लवकर खवट होतं. काळा, बुरशीचा दाणा निवडून काढ, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि पेंडीतून ते जनावराच्या पोटात जातं. तेल स्टीलच्या टाकीत दोन-तीन दिवस निवळू दे, मग कापडातून गाळ.

एक्सपेलर
सिंगल फेजवर ३ एचपीची मोटर चालते, थ्री फेजची काय गरज?

तीन_फेज
चालते, पण गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की भरल्या घाण्यात मोटर उठत नाही, वाइंडिंग जळतं. थ्री फेजच घ्या. महावितरणच्या अर्जात औद्योगिक वापर लिहा आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) जोडा, नाहीतर व्यापारी दर लागतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते. कोणाला पैसे देऊ नका.

फाइलवाली
सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे. सीलबंद बाटली, लेबल आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) नोंदणी लागते. हा खर्चही अहवालात घाला. जागेसाठी वडिलांचं संमतीपत्र, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, गावाच्या लोकसंख्येचा दाखला आणि जातीचा दाखला आताच काढायला टाका.

माणदेशी३१
मशीनवाल्याशी बोललो. डिलिव्हरी थांबवली, कोटेशन उद्या देतोय. अ‍ॅडव्हान्सचं दोन दिवसांत सांगतो म्हणाला. मीटरचा अर्ज वडिलांच्या नावाने करू की माझ्या?

तीन_फेज
तुमच्या. उद्यम, कर्ज, मीटर तिन्हीवर एकच नाव. घरच्या मीटरची थकबाकी असेल तर आधी भरा, त्याच जागेवर नवीन मीटर तिथेच अडतो.