टेर्प : पांढर, टेकाड की भराव?

अक्षरवेडी
फ्रिसियातल्या, म्हणजे उत्तर समुद्राच्या डच-जर्मन किनारपट्टीतल्या, मध्ययुगीन वस्त्यांवरचा लेख मराठीत आणतेय आणि 'टेर्प'पाशी अडलेय. नेदरलँड्सच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्रबांध नव्हते, तेव्हा लोक चिकणमाती, गवताची ढेपं, शेण आणि घरचा केरकचरा रचून उंचवटे करत आणि त्यांवर राहत. जर्मन बाजूला त्यालाच 'वुर्ट' किंवा 'वार्फ्ट' म्हणतात. मी 'टेकाड' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'मानवनिर्मित उंचवटा' केलं. पानात वीसदा हे कोण वाचेल?

जोंधळा
पांढर! आमच्या मराठवाड्यात पिकाची ती काळी, गावाखालची ती पांढर. जुनी घरं पडली, त्यांवरच नवी उठली, राख-शेण-माती साचत गाव वर आलं. उत्खनन करणारेही 'पांढरीचं टेकाड' म्हणतातच की. शिवाय टेर्प हा डच 'डोर्प' आणि जर्मन 'डोर्फ' यांचा भाऊबंद, म्हणजे मूळ अर्थ गाव, वस्ती. तो पुढे वस्तीखालच्या मातीला चिकटला. आपल्याकडे मातीचा रंग गावाला चिकटला आणि 'गावपांढरी' झाली.

मोडीवाचक
पंढरपूरही त्यातलंच असावं.

जोंधळा
ते नाही पटत. जुन्या शिलालेखांत 'पंडरगे' असं कानडी वळणाचं रूप येतं.

खारवाट
पांढर आपोआप साचते, टेर्प मुद्दाम रचतात. रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात त्याच किनाऱ्यावरच्या चाउकी जमातीबद्दल लिहिलंय : दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, भरतीत ही माणसं जहाजावरच्या खलाशांसारखी दिसतात आणि ओहोटीत जहाज फुटलेल्यांसारखी. प्यायला पावसाचं पाणी, तेही घरापुढच्या खड्ड्यात साठवलेलं. पाण्याला अडवून घातलेली माती ती. 'भराव' म्हणा.

अक्षरवेडी
भराव म्हटलं की रेल्वेचा रूळ डोळ्यांपुढे येतो, माणूस येत नाही. डच पुरातत्त्वज्ञ व्हान खिफेननी एझिंगे गावच्या टेर्पवर १९२३ ते १९३४ मध्ये खोदकाम केलं, तेव्हा कुडाच्या विणलेल्या भिंती जागच्या जागी उभ्या मिळाल्या. शेणाच्या ओल्या थरांनी हवा लागू दिली नाही, म्हणून लाकूड टिकलं. एकाच छपराखाली माणसं आणि गुरं, एका घरावर दुसरं घर. हे 'भराव'मध्ये कुठे बसतं?

जोंधळा
मग हीच तर पांढर! आणखी एक साम्य सांगतो. आमच्या गावी माळवदावर घालायला पांढरीची माती खणून नेत, तिच्याबरोबर खापरंही जात. फ्रिसियात एकोणिसाव्या शतकापासून टेर्पची माती खत म्हणून होड्या भरभरून विकली गेली. होखेबाइंटुमचा टेर्प सगळ्यांत उंच, जवळपास नऊ मीटर. तिथे चर्चभोवतीचा भाग राहिला, बाकीचा कापून नेला. त्या मातीबरोबर काय काय गेलं असेल याचा विचार केला तरी जीव तुटतो.

मोडीवाचक
बोलीतले शब्द शास्त्रीय लेखनात नकोत, जिल्ह्यागणिक अर्थ बदलतो. 'अधिवासोच्चय' असा शब्द घडवा.

खारवाट
जो शब्द कुणाच्या तोंडी नाही तो घडवून काय मिळणार? त्यापेक्षा 'टेर्प'च ठेवा. 'फ्योर्ड' आपण तसाच लिहितो ना?
आणि लेखात पुढचा भाग येतोय का? साधारण अकराव्या शतकापासून तिकडे बांध आले. बांधामागची जमीन कोरडी झाली की ती खचते. उत्तर फ्रिसियात तर मीठ काढायला पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) खणत, त्यानं ती आणखी खाली गेली. मग जानेवारी १३६२ च्या वादळात तिथलं रुंगहोल्ट गाव बुडालं. त्याच भागातल्या चर्चच्या पायाचा माग संशोधकांना लागल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं : सुमारे ४० मीटर लांब, १५ मीटर रुंद. बांधानं निर्धास्त केलेल्या गावांचा हा इतिहास कोकणात कुणीतरी वाचायलाच हवा.

अक्षरवेडी
येतोय. बांधातल्या पाण्याच्या दारांना 'मानस' लिहिलंय.

खारवाट
मानस गोव्याच्या खाजणातली, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीतली. आमच्या रायगडात खारबांधाला 'उघाडी' असते. ओहोटीला आतलं पाणी सोडते, भरतीला मिटते.

मोडीवाचक
'उघाडी' कोशात आहे का?

खारवाट
खारभूमीच्या सरकारी कागदांत आहे, आणि बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. मानस लिहायचं तर गोव्याचं नाव घेऊन लिहा.