मदत हवी आहे : अथेन्सच्या लोकशाहीत कारभाराची जाण नेमकी कोणाकडे होती?

नमस्कार. प्राचीन अथेन्सच्या राज्यव्यवस्थेविषयी वाचन चालू असून एका मुद्द्यापाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

अथेन्सचा राजकारणी क्लेइस्थेनिस याने इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये केलेल्या सुधारणांनंतर नागरिकांच्या दहा गणांतून प्रत्येकी ५० याप्रमाणे ५०० जणांचे मंडळ कारभार पाहू लागले. इ.स.पू. चौथ्या शतकातील जी व्यवस्था अ‍ॅरिस्टॉटलच्या नावे असलेल्या ग्रंथात वर्णिली आहे, तीत हे सदस्य चिठ्ठ्या टाकून एका वर्षासाठी निवडले जात आणि कोणालाही आयुष्यात दोनदाच मंडळावर येता येई. मंडळाचा अध्यक्ष तर एक रात्र आणि एक दिवस एवढाच काळ पदावर असे, तरीही पैसा व दप्तर ज्या मंदिरांत ठेवलेले असे त्यांच्या किल्ल्या आणि राज्याची मुद्रा तेवढ्या वेळेपुरती त्याच्याच हाती असत. आर्खोन म्हणजे राज्याचा वरिष्ठ अधिकारी; त्या पदासाठी चिठ्ठी निघालेल्याची पडताळणी होई, पण तीत आईवडिलांना नीट वागवतोस का, घराण्याच्या समाध्या कुठे आहेत, कर भरतोस का, असे प्रश्न विचारले जात. हिशेब येतो का, हे मात्र कोणी विचारत नसे!

सेनापतींचे समजू शकते. ते दहाही जण हात वर करून निवडले जात आणि पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकत, म्हणूनच पेरिक्लिस इतकी वर्षे टिकला. माझा प्रश्न रोजच्या कारभाराचा आहे.

इ.स.पू. ३७५-३७४ च्या एका कायद्याचा शिलालेख अथेन्सच्या अगोरात, म्हणजे बाजारचौकात, सापडला आहे. त्यानुसार चांदीची नाणी पारखणारा अधिकृत पारखी हा राज्याच्या मालकीचा गुलाम असे. तो सराफांच्या मेजांपाशी बसे, आत तांबे किंवा शिसे असलेले नाणे निघाले तर ते तिथल्या तिथे कापून टाकी आणि त्याने खरे ठरवलेले नाणे नाकारणाऱ्याचा त्या दिवशी विक्रीस ठेवलेला माल जप्त होई. तोच पारखी कामात चुकला, तर त्याला मात्र चाबकाचे ५० फटके बसत.

नागरिक दरवर्षी बदलणारे आणि गुलाम वर्षानुवर्षे त्याच जागी, हे खरे असेल, तर दप्तर, तिजोरी आणि नाणी यांची खरी माहिती मतदानाचा अधिकारच नसलेल्या माणसांकडे साठत गेली, असे म्हणणे योग्य ठरेल का? की दहा-दहा जणांच्या समित्या आणि वर्षअखेरीची हिशेबतपासणी यांमुळे सामान्य नागरिकही पुरेसा तयार होत असे? शिवाय, असे काम पगारी नागरिकाला कायमचे देण्याचे अथेन्सने टाळले, ते त्याच्या हाती सत्ता एकवटेल या धास्तीने, की दुसऱ्याच्या हुकुमाखाली राबणे स्वतंत्र माणसाला कमीपणाचे वाटे म्हणून? मला पहिले कारण अधिक पटते, पण त्याला आधार देणारा किंवा ते खोडून काढणारा एखादा शिलालेख अथवा न्यायालयीन भाषण कोणाला ठाऊक असल्यास कृपया त्याचा तपशील द्यावा.