मेजर रामास्वामी परमेश्वरन: फलकावर १५ महार लिहू की ८ महार?

प्रश्न
श्रीलंकेत लढताना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालेले मेजर परमेश्वरन यांच्यावर माहितीफलक करतोय. त्यांची पलटण कुठे १५ महार (महार रेजिमेंटची १५वी बटालियन) दिली आहे, कुठे ८ महार. ठार झालेले अतिरेकी कुठे ५, कुठे ६. शिवाय एक उमगत नाही: अँबुशमध्ये, म्हणजे दबा धरून केलेल्या हल्ल्यात, सापडलेला माणूस आडोसा शोधतो, मग हे शत्रूच्या पाठीमागे कसे पोहोचले?

दक्षिणदिशा
पलटणी दोन्ही बरोबर आहेत. जन्म १३ सप्टेंबर १९४६, मुंबई. १९७२ मध्ये कमिशन मिळालं, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक झाली, ती १५ महारमध्ये. श्रीलंकेत गेले ते ८ महारबरोबर. परमवीर चक्राच्या ओळीत ८ महारच हवं. आकडा मानपत्रातला घ्या: ५ ठार, ३ रायफली आणि २ रॉकेट लाँचर जप्त.

'श्रीलंकेविरुद्धचं युद्ध' असं मात्र चुकूनही लिहू नका. २९ जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना तिथल्या यादवीत उतरली आणि ऑक्टोबरमध्ये 'ऑपरेशन पवन' सुरू झालं ते तमिळ वाघांविरुद्ध, म्हणजे तिथल्या एलटीटीई या सशस्त्र तमिळ संघटनेविरुद्ध.

पायदळ
पाठीमागून जाण्याबद्दल. अँबुश लावणाऱ्यांच्या बंदुकांच्या सगळ्या नळ्या वाटेच्या एका पट्ट्यावर रोखलेल्या असतात. त्या पट्ट्यात आडवं पडून राहिलं की माणसं टिपली जातात. आपल्या जवानांकडे तेव्हा ७.६२ मिमीची एसएलआर रायफल होती: मॅगझिन २० गोळ्यांचं, ट्रिगर दाबावा तेव्हा एकच गोळी. समोर एके-४७, ३० गोळ्यांचं मॅगझिन आणि सलग फायर. जवळच्या अंतरावर, रात्री, समोरासमोरच्या गोळीबारात आपलंच नुकसान जास्त. म्हणून काही जणांनी समोरून फायर देत शत्रूला गुंतवायचं आणि बाकीच्यांनी वळसा घालून पाठ गाठायची.

यात बिघडतं ते वेळेत. वळसा घालणारे पोहोचले आणि समोरचा फायर थांबला नाही, तर आपलीच गोळी आपल्याला लागते. अंधारात तर आपला कोण, परका कोण हेही दिसत नाही. त्यामुळे हे काम सांगायला सोपं, करायला फार अवघड. परमेश्वरन यांनी ते करून दाखवलं, तेही स्वतः पुढे राहून.

प्रश्नकर्ता
आभार. मजकूर असा केलाय: 'छातीत गोळी लागूनही त्यांनी शत्रूला वेढा घातला.' चालेल?

दक्षिणदिशा
नाही, क्रम उलटा झालाय. वेढा आधी, मग मुसंडी, मग हातघाई. त्या हातघाईत एकाने छातीत गोळी झाडली. परमेश्वरन यांनी त्याच्याच हातातली रायफल हिसकावून त्याला ठार केलं आणि अखेरच्या श्वासापर्यंत हुकूम देत राहिले.

पायदळ
पदकाचं चित्र काढणार असाल तर रिबन सपाट जांभळी, त्यावर एकही पट्टा नाही. अर्धी पांढरी, अर्धी केशरी असते ती महावीर चक्राची. पदक कांस्याचं, मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची ४ वज्रं. आणि 'मरणोत्तर' हा शब्द लिहायला विसरू नका.