मदत हवी आहे : लाटांवर डोलकाठी ठकठकते, वाऱ्याखालचा श्राउड लोंबतो

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. होडी १५ फुटांची. अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी डेकच्या भोकातून खाली जाऊन तळावरच्या खोबणीत बसते. स्प्रेडरची (काठीवरचे, बाजूच्या तारांना बाहेर ढकलणारे आडवे दांडे) एकच जोडी, मागे कललेली. श्राउड (काठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा) ३ मिमी स्टीलच्या, १×१९ विणीच्या, म्हणजे १९ धाग्यांच्या तारेचे.

वारा १२ नॉटच्या पुढे गेला आणि होडी वाऱ्याच्या तोंडाशी धरली की वाऱ्याखालचा (वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूचा) श्राउड लोंबायला लागतो. लाट आपटली की काठी डेकच्या भोकात पुढेमागे आदळते. हात टेकवला तर धक्का कोपरापर्यंत येतो. टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) आवळले की ढिलाई कमी होते, ठकठक तशीच राहते. उलट काठीचा मधला भाग पुढे वाकतो आणि मेनसेल (मुख्य शीड) सपाट पडतं.

श्राउडला ताण किती असावा, आणि खास यंत्राशिवाय तो मोजावा कसा? सोबत मुलं असतात, त्यामुळे तार तुटण्याची फार धास्ती वाटते.

प्रतिसाद १
ही दोन वेगळी दुखणी आहेत. ठकठक ताणाने जाणार नाही, कारण भोक काठीपेक्षा मोठं आहे. काठीच्या पुढे, मागे आणि बाजूंना कडक प्लास्टिकच्या किंवा प्लायच्या पाचरी घट्ट बसवा. पुढची पाचर सर्वांत महत्त्वाची: व्हँग (बूम खाली ओढणारा दोर) खेचला की बूम (मेनसेलच्या तळाचा आडवा दांडा) काठीला पुढे ढकलतो, तो जोर तीच अडवते. काठीचा बुडखा खोबणीत सरकत नाही ना, हेही बघा.

वाऱ्याखालचा श्राउड थोडा सैल पडणारच, सगळा भार वाऱ्याकडच्या बाजूला जातो. पण तो लोंबत राहिला तर प्रत्येक लाटेला हिसका बसतो आणि तार टोकाच्या फिटिंगपाशी थकते. तिथे एक जरी धागा तुटलेला दिसला तरी तार बदला, त्यात चालढकल नको.

मोजायचं असं. तार हाताने जेमतेम सरळ होईल इतकीच आवळा. २ मीटरची पट्टी वरच्या टोकाला तारेवर टेपने पक्की करा, खालचं टोक मोकळं ठेवून त्यापाशी तारेवर खूण करा. मग दोन्ही बाजू आळीपाळीने आवळा. खूण पट्टीपासून १ मिमी सरकली की ताण तार तुटण्याच्या भाराच्या साधारण ५ टक्के झाला. होडी बनवणाऱ्याने आकडा दिला असेल तर तोच धरा, नाहीतर २ मिमीपासून सुरुवात करून ३ मिमीवर थांबा.

धागाकर्ता
खूप आभार. बांधून ठेवलेल्या होडीत ताण बरोबर असला तरी जोराच्या झोतात श्राउड एकदम ढिले होतात, दोन्हीही. याचं कारण काय असेल?

प्रतिसाद २
दोन्ही एकदम ढिले होतात म्हणजे काठी मागे येतेय. तुमचे श्राउड काठीच्या मागे बांधलेले असणार, त्यांना पुढून ताणून धरतो तो फोरस्टे (काठीपासून होडीच्या पुढच्या टोकाकडे जाणारी तार). जिब (पुढचं शीड) ताठ चढवलं की ते काम जिबच्या हॅलयार्डवर (शीड चढवायचा दोर) येतं. तो ताणला किंवा क्लीटमधून (दोर पकडून ठेवणारी खिटी) सरकला की सगळा ताण गेला. क्लीटच्या तोंडाशी हॅलयार्डवर रंगीत टेप गुंडाळा आणि झोतानंतर बघा. टेप हलली तर क्लीट बदला. जागेवरच असेल तर दोर ताणतोय, तिथे डायनीमा (फारच कमी ताणणारा दोर) लावा. आणि वरचं मोजमाप जिब चढवूनच तपासा. शेवटी टर्नबकलच्या पिना घालून त्यांवर टेप मारायला विसरू नका.