फायबर तुटूनही इंटरनेट दुसऱ्या राउटरवर का गेले नाही? साखर कारखान्यातील व्हीआरआरपीची मांडणी

प्रश्न – काटाघर

नमस्कार. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम करतो. उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन काट्यावर घेतले की त्याची नोंद इंटरनेटवरून बाहेरच्या सर्व्हरवर जाते आणि तिकडून क्रमांक आल्यावरच पावती छापली जाते. त्यामुळे इंटरनेट बंद पडले की काटा बंद पडतो आणि यार्डातील गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत पोहोचते. उभ्या गाडीतला ऊस वाळून त्याचे वजन घटते आणि तो तोटा शेतकऱ्याच्या पदरी पडतो, म्हणून या प्रश्नाकडे मी केवळ तांत्रिक अडचण म्हणून पाहू शकत नाही.

गेल्या हंगामाआधी आम्ही दोन राउटर बसवले आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या घेतल्या. एक राउटर बंद पडल्यास दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी यासाठी त्यांच्यावर व्हीआरआरपी ही व्यवस्था लावली; तिच्यात जास्त प्रायॉरिटीचा राउटर मास्टर होऊन वाहतूक हाताळतो आणि दुसरा बॅकअप राहतो. राउटर ‘अ’ची प्रायॉरिटी १२० असून ‘ब’ची १०० आहे. दोघांचा सामाईक आभासी पत्ता १०.२०.०.१ हा सर्व संगणकांचा गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा दरवाजा, आहे. ‘अ’ची वीज काढून चाचणी घेतली तेव्हा चार सेकंदांच्या आत सर्व वाहतूक ‘ब’वरून सुरू झाली. परंतु जानेवारीत रस्त्याच्या खोदकामात ‘अ’कडे येणारे फायबर तुटले, तेव्हा ‘ब’ शेजारी चालू असूनही काहीच बदलले नाही आणि मी ‘अ’ हाताने बंद करेपर्यंत अडीच तास काटा ठप्प राहिला.

त्यानंतर मी ‘अ’च्या बाहेरच्या पोर्टवर ट्रॅकिंग (पोर्ट चालू आहे का यावर लक्ष) लावले आणि पोर्ट बंद पडल्यास प्रायॉरिटी १०ने कमी व्हावी असे ठरवले, पण पुढच्या बिघाडातही तोच अनुभव आला. शिवाय वीज जाऊन परत आली की ‘अ’ सुरू होताच मास्टरपद स्वतःकडे घेतो. त्याची पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करून होणारी) जोडणी उभी राहायला दीड-दोन मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ ‘ब’चे चालू इंटरनेट असूनही उपयोगाचे राहत नाही. हे टाळण्यासाठी दोन्ही राउटरवरील प्रीएम्प्ट, म्हणजे जास्त प्रायॉरिटीच्या राउटरला चालू मास्टरकडून पद घेऊ देणारे सेटिंग, बंद करावे का?

उत्तर – दुहेरीमार्ग

प्रीएम्प्ट बंद करू नका. त्याचे कारण खाली येते. आधी अडीच तासांत नेमके काय झाले ते पाहू.

व्हीआरआरपी फक्त एकाच प्रश्नाचे उत्तर देते: शेजारचा राउटर जिवंत आहे का? मास्टर राउटर आतल्या नेटवर्कवर २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पोहोचणाऱ्या) पत्त्यावर दर सेकंदाला आपली घोषणा पाठवतो. बॅकअप राउटर तीन सेकंद आणि त्यावर (२५६ − स्वतःची प्रायॉरिटी) भागिले २५६ इतका वेळ वाट पाहतो. ‘ब’ची प्रायॉरिटी १०० असल्याने ही वाट ३.६ सेकंदांची होते आणि तुमच्या चाचणीतले चार सेकंद त्यातूनच आले. फायबर तुटले तेव्हा ‘अ’ ठणठणीत होता आणि त्याच्या घोषणा आतल्या बाजूने वेळेवर जात होत्या, त्यामुळे ‘ब’ला हालचाल करण्याचे काही कारणच नव्हते. घोषणांमधील अंतर आणखी कमी करण्याचा सल्ला तुम्हाला कदाचित मिळेल, पण या बिघाडावर त्याचा काडीचाही उपयोग नाही.

ट्रॅकिंग दोन कारणांनी फसले, आणि त्यांतले एक दूर केले असते तरी दुसरे उरलेच असते. पहिले कारण असे की तुमच्याकडे इंटरनेट मीडिया कन्व्हर्टरमधून, म्हणजे फायबरवरचा संकेत साध्या नेटवर्क केबलवर आणणाऱ्या पेटीतून, येत असावे. अशा वेळी राउटरचे पोर्ट हातभर अंतरावरच्या कन्व्हर्टरला जोडलेले असते, म्हणून पलीकडचे फायबर तुटले तरी पोर्टचा हिरवा दिवा तसाच राहतो. दुसरे कारण साध्या वजाबाकीचे आहे: १२०मधून १० गेले तर ११० उरतात आणि ११० हे १००पेक्षा जास्तच आहेत. ही घट २०पेक्षा जास्त हवी. मी ३० ठेवतो, म्हणजे ‘अ’ ९०वर येतो.

पोर्टऐवजी प्रत्यक्ष पोहोच तपासा. ‘अ’वरून दर पाच सेकंदांनी बाहेरच्या दोन स्वतंत्र सार्वजनिक पत्त्यांना पिंग करावे, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवावा, आणि दोन्हीकडून सलग तीन वेळा उत्तर आले नाही तरच जोडणी बंद मानावी. इंटरनेट कंपनीच्या जवळच्या गेटवेला पिंग करून भागत नाही, कारण बिघाड त्याच्याही पुढे असू शकतो. मात्र हे दोन्ही पत्ते ‘अ’च्याच बाहेरच्या जोडणीवर स्थिर (हाताने लिहून दिलेल्या) मार्गाने बांधून ठेवणे आवश्यक आहे. ‘अ’कडे ‘ब’मार्गे जाणारा पर्यायी मार्ग असेल आणि हे बांधणे राहून गेले, तर पिंग ‘ब’वरून बाहेर जाऊन यशस्वी होईल, ‘अ’ला आपली जोडणी सुधारली असे वाटेल आणि मास्टरपद दोघांमध्ये हेलकावे खात राहील. पीपीपीओई सेशन पडल्यावर तो स्थिर मार्गही नाहीसा होतो, म्हणून त्याच पत्त्यांसाठी कमी पसंतीचा आणि पॅकेट टाकून देणारा दुसरा मार्गही लिहून ठेवा. मी स्वतः ही दुसरी ओळ विसरलो होतो आणि एक अख्खी रात्र त्या हेलकाव्यांचे कारण शोधण्यात गेली.

आता प्रीएम्प्ट. ‘अ’ची प्रायॉरिटी ९०वर आली तरी त्याच्या घोषणा थांबत नाहीत. त्या कमी प्रायॉरिटीच्या घोषणा नाकारून मास्टरपद घेण्याचा अधिकार ‘ब’ला प्रीएम्प्टमुळेच मिळतो. तो बंद केलात तर ‘ब’ सर्व पाहूनही गप्प राहील आणि ट्रॅकिंग निरुपयोगी ठरेल. व्हीआरआरपीमध्ये प्रीएम्प्ट मुळातच चालू असते, तर एचएसआरपी या सिस्कोच्या तशाच व्यवस्थेत ते आपल्याला चालू करावे लागते. पुढे उपकरणे बदलली तर हा फरक ध्यानात ठेवा. वीज परत आल्यानंतरच्या अडचणीसाठी ‘अ’वर १८० सेकंदांचा प्रीएम्प्ट विलंब द्या आणि जोडणी सुधारल्याची खातरी पटायलाही एक मिनिट ठेवा. बिघाड झाल्यावर झटकन सोडावे आणि सुधारल्यावर सावकाश परत घ्यावे.

उत्तर – स्विचकक्ष

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु स्विचकडे लक्ष दिले नाही तर तो १८० सेकंदांचा विलंब तुमच्या हाती लागणार नाही.

राउटर ज्या स्विच पोर्टला जोडला आहे ते पोर्ट स्पॅनिंग ट्रीमध्ये (वाहतूक गोल फिरत राहू नये म्हणून स्विच वापरतात त्या पद्धतीत) साधे पोर्ट म्हणून ठेवले असेल, तर जोडणी उभी राहिल्यावर ते ऐकण्याच्या अवस्थेत १५ आणि शिकण्याच्या अवस्थेत १५, असे एकूण ३० सेकंद वाहतूक पुढे सोडत नाही. स्विचवर रॅपिड स्पॅनिंग ट्री असली तरी समोरचा राउटर तिच्या निरोपांना उत्तर देत नसल्याने हा वेळ वाचत नाही. या ३० सेकंदांत ‘अ’ला ‘ब’ची एकही घोषणा ऐकू येत नाही. आपण एकटेच आहोत असे समजून तो मास्टर होतो, आणि पोर्ट खुले झाल्यावर त्याची प्रायॉरिटी १२० असेल तर ‘ब’ नियमाप्रमाणे माघार घेतो. येथे ‘अ’ने कोणाकडून पद हिरावून घेतलेलेच नाही, त्यामुळे प्रीएम्प्ट विलंब लागू होत नाही. पिंगचा पहिला निकाल येईपर्यंत जोडणी चालू आहे असे धरून चालणाऱ्या उपकरणावर हे हमखास घडते.

उपाय सोपा आहे: राउटरकडे जाणारी पोर्टे एज (न थांबता वाहतूक सोडणारी) म्हणून, म्हणजे अनेक जण ज्याला पोर्टफास्ट म्हणतात त्या प्रकारे, ठेवा. राउटर सुरू झाल्यावर व्हीआरआरपी उशिरा सुरू करण्याची वेगळी आज्ञा उपलब्ध असल्यास तीही वापरा. आणखी एक गोष्ट तपासा. १०.२०.०.१ हा पत्ता ‘अ’च्या पोर्टचा स्वतःचाच पत्ता नाही ना? तसा असेल तर ‘अ’ त्या पत्त्याचा मालक ठरतो, त्याची प्रायॉरिटी २५५ धरली जाते आणि प्रीएम्प्टचे कोणतेही सेटिंग असले तरी तो पद परत घेतोच. आभासी पत्ता दोन्ही राउटरांच्या पत्त्यांहून वेगळा असावा.

उत्तर – क्षेत्रअभियंता

कॉन्फिगरेशन झाल्यावर एकदा कारखान्याच्या फाटकापासून आत चालत या. दोन कंपन्यांची फायबर एकाच खांबांवरून किंवा एकाच चरातून येत असतील, तर खोदकामाचा एकच घाव दोन्ही तोडेल. शक्य असल्यास दुसरी जोडणी वायरलेस घ्या. दोन्ही राउटर आणि दोन्ही मीडिया कन्व्हर्टर एकाच यूपीएसवर असतील तर तेही वेगळे करा. कन्व्हर्टरचा छोटा अडॅप्टर साध्या बोर्डात खोचलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे.

चाचणीच्या वेळी राउटरची वीज काढण्याऐवजी कन्व्हर्टरच्या बाहेरच्या बाजूची पॅच कॉर्ड काढा. हे सर्व ओव्हरहॉलिंगच्या काळात, मोळीपूजनाच्या आधी उरकलेले बरे.

प्रतिसाद – काटाघर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आभासी पत्ता वेगळाच निघाला, पण स्विचची पोर्टे साधी होती, ती बदलली. घट ३० केली, पिंग आणि स्थिर मार्ग सांगितल्याप्रमाणे लावले. पॅच कॉर्ड काढल्यावर १८ सेकंदांत वाहतूक ‘ब’वर गेली, आणि ‘अ’ बंद करून पुन्हा सुरू केल्यावर त्याने घाई केली नाही. मात्र बदलाच्या क्षणी काट्यावरचा प्रोग्राम अडकून बसतो आणि तो बंद करून पुन्हा उघडावा लागतो. हाही राउटरचाच दोष आहे का?

उत्तर – दुहेरीमार्ग

नाही. १८ सेकंदांचा हिशोब बरोबर जुळतो: पिंगचे सुमारे १५ आणि ‘ब’च्या वाट पाहण्याचे ३.६. परंतु दोन कंपन्यांचे सार्वजनिक पत्ते वेगळे असल्याने नॅटनंतरचा (राउटरने आतल्या पत्त्याऐवजी लावलेला सार्वजनिक) तुमचा पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर उघडलेले सेशन सर्व्हर नव्या पत्त्यावरून ओळखू शकत नाही. दोन राउटरांनी सेशनची माहिती एकमेकांना दिली तरी ही अडचण सुटत नाही.

दुरुस्ती प्रोग्राममध्ये हवी. त्याने दहा सेकंद उत्तर न आल्यास जुने सेशन सोडून नवे उघडावे आणि तीच नोंद पुन्हा पाठवावी. तसे करताना प्रत्येक वजनाला काट्यावरच एक न बदलणारा क्रमांक द्यायला प्रोग्राम पुरवणाऱ्यांना सांगा आणि तो क्रमांक आधी आलेला असेल तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच पावती परत पाठवावी. कारण पहिली नोंद सर्व्हरवर पोहोचली पण तिचे उत्तर वाटेत हरवले, असे बदलाच्या क्षणी घडू शकते, आणि क्रमांक नसेल तर एकाच गाडीचे वजन शेतकऱ्याच्या खात्यावर दोनदा चढेल.